मॉनिटर सोडून ५० हजारांत गेमिंग संगणक : तयार संच घ्यावा की सुटे भाग जुळवावेत?

आपला दुकानदार ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ असा तयार संच देतो आहे आणि तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की सुटे भाग जुळवूनच संगणक बनवावा. तरीही तो संच मनात भरला असेल, तर आय७ हा प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे आणि ग्राफिक्स कार्डाचे नेमके नाव काय आहे, हे दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वी अवश्य विचारावेत. अशा संचांत पुष्कळदा २०१२ सालचा आय७-३७७० आणि जीटी ७३० हे कार्ड निघते. त्या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही. कार्डावरच्या ४ जीबी या आकड्यालाही भुलू नये, कारण जीटी ७३० च्या डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या मेमरीतून सेकंदाला ३० जीबीसुद्धा माहिती सरकत नाही, तर आरएक्स ६६०० या कार्डाच्या मेमरीतून २२४ जीबी सरकते.

मॉनिटर १०८०पी (१९२० × १०८० ठिपक्यांचा) असेल असे मी गृहीत धरतो. अशा वेळी आधी कार्ड ठरवावे आणि जवळपास ४० टक्के रक्कम त्यावरच खर्च करावी. ८ जीबीचे आरएक्स ६६०० या कामाला पुरेसे आहे. त्याच्या जोडीला रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ हा प्रोसेसर घ्यावा. दोन्हींत ६ कोअर (काम करणारे गाभे) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे धागे) आहेत, मात्र अंगभूत ग्राफिक्स दोन्हींत नाही, त्यामुळे ‘कार्ड पुढच्या वर्षी घेऊ’ असा बेत असेल तर कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात, कारण दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनल, म्हणजे माहिती एकाच वेळी दोन वाटांनी नेण्याची सोय, मिळते आणि त्याचा फरक खेळताना जाणवतो. काटकसर करायचीच असेल तर ती रंगीत दिव्यांच्या पंख्यांत आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये करावी.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, मात्र काटकसर करू नये, हे मी अनुभवाने आणि कळकळीने सांगतो. २०१७ साली मी आय५-७४०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० कार्ड घेतले आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेलाच राहू दिला. खेळ रंगात आला की संगणक फट्कन बंद पडायचा. मी दोनदा विंडोज नव्याने टाकले, कार्ड बदलून पाहिले, पण दोष सापडेना. एका संध्याकाळी जळका वास आला आणि एसएमपीएससोबत मदरबोर्डही गेला. नंतर बाजूचे झाकण काढून त्यावरचे लेबल वाचले, तेव्हा वर ठळक अक्षरांत ५०० वॉट लिहिलेले होते, पण खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या ओळीसमोर अवघे १६ अँपिअर होते. प्रोसेसर आणि कार्ड याच ओळीवर चालतात, आणि १२ गुणिले १६ म्हणजे केवळ १९२ वॉट.

म्हणून नामवंत कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (विजेच्या कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र) दर्जाचा, ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस स्वतंत्रपणे घ्यावा. दुकानातच खोका उघडायला लावून तो बारीक तक्ता आपण स्वतः वाचावा आणि +१२ व्होल्टसमोर ३५ किंवा अधिक अँपिअर दिसले, तरच बिल करायला सांगावे.