कापसाच्या भावामागे

अमळनेर, ऑक्टोबर २०२५

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं भलंमोठं पत्र पोचलं. अमेरिकेचं टॅरिफ, पहिलीपासूनची हिंदी, आरक्षण, एआय, युक्रेन. आणि शेवटी तक्रार, की प्रथम वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर ‘कशाशीच संबंध नसलेला’ आहे. वाचताना मजा आली. खटकलं ते एवढंच, की जगातल्या प्रत्येक भानगडीवर तुझं मत तयार आहे आणि घरच्या कापसाबद्दल सगळ्या पत्रात एकच ओळ: ‘यंदाही भाव नाही.’ तीसुद्धा तुझी नाही, बाबांची.

माझं म्हणणं असं, की या वर्षी ती ओळ धर. बाकीच्या बातम्या वाच, विसर, काही बिघडत नाही.

आता बघ, टॅरिफबद्दल तू दोन पानं लिहिलीस, पण त्यात तुमचा पारोळा तालुका कुठेच आला नाही. अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं ते २७ ऑगस्टला. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, आपल्या केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं होतं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. कापड बाहेर पाठवणाऱ्यांना निदान रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, स्वस्त मिळावी, हा हेतू. गिरण्यांच्या बाजूने ते चूक म्हणता येत नाही. पण ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे तुमच्या शेतात वेचणी चालू असते ते दिवस. बाबांचा कापूस घरात येतो नेमका त्याच वेळी यंदा बंदरावर परदेशी गाठी बिनशुल्क उतरतात. ही बातमी पहिल्या पानावर ‘व्यापारयुद्ध’ म्हणून येते आणि कापसाचा भाव आतल्या पानात बारीक अक्षरांत. दोन्ही पानं एकत्र ठेवून वाचायचं काम आपलं.

भावाचा हिशेबही एकदा स्वतः मांड. बाजाराच्या बातमीत रुईचा भाव खंडीने देतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. बाबा विकतात तो सरकीसकट कापूस, क्विंटलने. या दोन्हींच्या मधे जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. समज, खंडीला ५५,००० रुपये भाव आहे, म्हणजे रुई किलोला साधारण १५४ रुपये. एका क्विंटलमधून ३४ किलो रुई निघाली, तर तिचे झाले सव्वापाच हजारांच्या आसपास. सरकी ६४ किलो, तिला समज ३० रुपये भाव, म्हणजे १,९२०. उरलेले दोन किलो घट. एकूण जमतात ७,१५० ते ७,२००. यातून जिनिंगवाल्याचा खर्च, वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा वजा कर, आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन काय भाव सांगतो ते पडताळून बघ. खंडीचा आणि सरकीचा भाव मी समजुतीपुरता धरलाय, तू त्या दिवसाचा घे. उतारा, म्हणजे क्विंटलमागे रुई किती निघते, तोही धरणगावच्या एखाद्या जिनवर जाऊन विचार; सुरुवातीला उडवून लावतील, पण पोरगी कागद-पेन घेऊन उभी आहे म्हटल्यावर सांगतात.

मग कळेल की यंदाचा (२०२५-२६ चा) लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० असताना सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर रांग का लागते, आणि तिथे ओलाव्यावरून एवढी हुज्जत का होते. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, पुढे टक्क्यामागे कपात, बाराच्या वर गेला की माल परत. त्यात यंदा ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. ती बाबांची कुणी केली? तू केली असशील तर ते पत्रात यायला हवं होतं, युक्रेनच्या आधी.

हमीभाव ‘दीडपट’ आहे असं सरकार म्हणतं आणि नाही असं शेतकरी संघटना म्हणतात. दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं तू लिहिलंस. तसं नाही. भांडण ‘कशाच्या दीडपट’ यावर आहे. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात खर्चाचे वेगवेगळे रकाने असतात. रोख खर्च आणि घरच्यांची मजुरी धरली की एक आकडा येतो, सरकार दीडपट धरतं ती त्याची. त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मिळवलं की मोठा आकडा येतो, त्याला ‘सी-टू’ म्हणतात. संघटनांची मागणी त्याच्या दीडपटीची आहे. तुझी आई दिवसभर कापूस वेचते, तिला घरात कोणी मजुरी देत नाही. अहवालात मात्र त्या मजुरीला रकाना आहे. आता तुझं पाठ्यपुस्तक उघड आणि ‘अव्यक्त खर्च’ हे प्रकरण वाच. ज्या पेपरचा कशाशीच संबंध नाही म्हणालीस, तो पेपर हाच.

अवांतर वाचनाचं विचारलंस. कादंबऱ्या वाच, त्यात मी लुडबुड करत नाही. फक्त त्यांच्या जोडीला एक जुना ग्रंथ घे: १८८० चं खानदेश जिल्ह्याचं गॅझेटियर. इंग्रजी जड आहे, साहेबाची नजर साहेबाचीच आहे, तरी शेतीचा भाग वाचच. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, आणि आपल्या मुलखात कापसाचा भाव चढला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव उतरला. म्हणजे पारोळ्याच्या शेतकऱ्याचं अमेरिकेशी नातं तुझ्या खापरपणजोबांच्याही आधीपासूनचं.

अभ्यासिकेतल्या मुली चालू घडामोडींची पुस्तकं पाठ करतात म्हणून तूही घेतलीस. राहू दे, स्पर्धा परीक्षेला लागतील. पण ‘अमुक योजना कधी सुरू झाली’ हे पाठ असणं आणि ती योजना तुझ्या गावात पोचली का हे ठाऊक असणं यात फार अंतर आहे. इथे अमळनेरला साने गुरुजी १९२४ पासून शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. तुझ्या वसतिगृहात पाच-सहा जणी तरी शेतकऱ्यांच्या घरच्या असतील. रावेरकडची कोणी असेल तर केळीचं तिला ठाऊक, नंदुरबारकडची असेल तर मिरचीचं. भिंतीवर एक कागद लावा, आठवड्याला एकीने आपल्या घरच्या पिकाचा भाव आणि त्यामागचं कारण लिहायचं. चुकलं तर दुसरीने खाली लाल शाईने दुरुस्त करायचं. तुमच्या अधीक्षिका हरकत घेणार नाहीत, घेतली तर मला कळव.

दिवाळीत घरी जाशील तेव्हा बाबांकडून मागच्या हंगामातल्या पावत्या मागून घे. देतील का, शंकाच आहे. ‘तुले काय करनं शे?’ म्हणून विचारतील. हिशेब दाखव, मग देतील.

हिंदीच्या मुद्द्यावर मला तुझ्याशी भांडायचंय, पण ते पुढच्या पत्रात. तोवर १६ एप्रिलचा शासन निर्णय आणि १७ जूनचा दुरुस्तीचा, दोन्ही मुळातून वाचून ठेव. २९ जूनला सरकारने ते रद्द केल्याची घोषणा केली, तरी वाच. तू रागावलीस ती बातम्यांच्या मथळ्यांवर.

तुझे,
सर