‘हॅड’ लावू की ‘वुड हॅव’? एका अडलेल्या वाक्याची गोष्ट

मार्च-एप्रिलमध्ये, अप्रेझलच्या दिवसांत, माझ्या दादरच्या समुपदेशन केंद्रात एक तक्रार हमखास येते. ‘मॅडम, इंग्रजी कळतं सगळं. मेल वाचतो, कॉल घेतो. पण मीटिंगमध्ये जर-तरचं काही बोलायची वेळ आली की जीभ अडते.’ बँकेतले, आयटीतले, हॉस्पिटलच्या बिलिंगमधले, बहुतेक सगळे मराठी माध्यमातले. अडतात तेही साधारण एकाच जागी. जे घडलंच नाही, त्याबद्दल ‘ज्याने’, ‘जी’, ‘जो’ लावून बोलायचं असतं तिथे. म्हणून त्यांच्यातल्या एकाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिशीतला मुलगा, लालबागला वाढलेला, बीकेसीत एका विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात. आला होता झोप लागत नाही म्हणून. टीम लीडची जागा अगदी थोडक्यात हुकली होती. त्याचं कामच असं की दिवसभर न घडलेल्या गोष्टींची वाक्यं लिहायची: हप्ता भरला असता तर, वेळेत कळवलं असतं तर. त्याचे साहेब त्याचे मेल दुरुस्त करून सगळ्या टीमला पाठवत. असा एक मेल त्याने मला मोबाइलवर दाखवला. ‘एनी कस्टमर हू वुड हॅव पेड द प्रीमियम ऑन टाइम वुड हॅव बीन कव्हर्ड.’ पहिल्या ‘वुड हॅव’वर लाल रेघ आणि वर ‘हॅड’.

‘काय चुकलं?’

‘चुकलं एवढं कळतंय. का, ते नाही कळत.’

मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी काही वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. ते असं मधूनच कामाला येतं. म्हटलं, ‘हेच मराठीत सांग.’

‘ज्या ग्राहकाने हप्ता वेळेवर भरला असता, त्याला कव्हर मिळालं असतं.’

‘दोन्हीकडे काय आलं?’

‘असता... असतं.’ तो थांबला. ‘म्हणजे मी मराठीच लिहिलं!’

मराठीच लिहिलं होतं, आणि चोख मराठी. शाळेत आपण संकेतार्थ शिकतो. तो अटीला आणि परिणामाला एकाच पंगतीत बसवतो, दोन्हीकडे ‘असता’. इंग्रजीत त्या दोघांची पानं वेगळी. अट असेल तिथे ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, परिणाम असेल तिथे ‘वुड हॅव’. ‘हू’ने सुरू होणाऱ्या तुकड्याच्या पोटात ‘इफ’ लपलेला असेल, तर तो तुकडा अटीचे नियम पाळतो. म्हणून ‘एनी कस्टमर हू हॅड पेड’. वर्तमानातल्या कल्पनेलाही हेच लागू. ‘आय वुड हायर समवन हू स्पोक मराठी.’ माणूस आज हवा आहे, तरी भूतकाळातलं ‘स्पोक’.

मग ‘हू’, ‘दॅट’नंतर ‘वुड हॅव’ कधीच येत नाही का? येतं. ‘द फ्लॅट दॅट वी वुड हॅव बॉट वॉज सोल्ड यस्टरडे.’ आम्ही जो फ्लॅट घेतला असता, तो काल विकला गेला. विकला जाणं खरंच घडलंय, आणि ‘घेतला असता’ हा परिणाम आहे. त्याची अट, म्हणजे कर्ज मंजूर झालं असतं तर, वाक्याबाहेर राहिली आहे. ओळखायची युक्ती सोपी. ‘ज्याने’ काढून ‘जर कुणी’ घालून पाहा. अर्थ तोच राहिला तर ‘हॅड’. वाक्य कोसळलं तर ‘वुड हॅव’.

तो खूश होऊन गेला. पुढच्या आठवड्यात चेहरा पुन्हा तसाच.

‘नियम पाठ आहे, मॅडम. पण साहेबांसमोर उभा राहिलो की मला तो दिसतो.’

‘कोण?’

‘तो मी. जो इंग्लिश मीडियमला गेला असता.’

मी वही बाजूला ठेवली. अशा क्षणी घाई करायची नसते, हे इतक्या वर्षांत कळलंय. म्हटलं, ‘त्याच्याबद्दल सांग.’ त्याने सांगितलं. तो अडखळत नाही. त्याला साहेब नावाने हाक मारतात. त्याचा अंधेरीला फ्लॅट आहे. तो टीम लीड आहे.

‘आहे’. न जन्मलेल्या माणसाबद्दल सरळ वर्तमानकाळ! मला जे उमगलं ते इथेच, आणि त्यानंतर मी अनेकांकडे हे पाहिलंय. ‘जर’ म्हटलं की ते एक विधान राहतं. विधानाला पुरावा मागता येतो. पण ‘जो’ म्हटलं की माणूस उभा राहतो, आणि माणसाचा फक्त हेवा वाटतो.

‘हेच ‘जर’ लावून म्हण.’

‘जर मी इंग्लिश मीडियमला गेलो असतो, तर मी टीम लीड झालो असतो.’ म्हणता म्हणता त्याचा आवाज उतरला.

‘नक्की?’

तो गप्प. मी विषय बदलल्यासारखं केलं. ‘26 जुलै 2005 आठवतो?’ आठवत होता. शाळकरी होता, बाबा दुसऱ्या दिवशी घरी आले होते. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. ‘त्या दिवशी जो दोनच्या आत ऑफिसातून निघाला असता, तो घरी पोचला असता. बरोबर?’

‘दादरचा पोचला असता. कल्याणचा कशावरून?’

‘मग इंग्लिश मीडियमवाल्याचं तरी कशावरून?’

आधी हसला, मग बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. मग हळूहळू बोलायला लागला. टीममध्ये कॉन्व्हेंटची मुलं आणखीही होती, ती जिथल्या तिथेच होती. ज्याला जागा मिळाली, त्याच्याकडे सर्व्हेचा, म्हणजे नुकसान प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा, अनुभव होता. इंग्रजीचा वाटा नव्हता असं नाही, पण सगळा वाटा तिचाच नव्हता.

थोडक्यात हुकलेलं जास्त का सलतं, यावर कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1982 साली एक छान प्रश्न मांडला होता. दोन प्रवासी विमानतळावर अर्धा तास उशिरा पोचले, दोघांचीही विमानं चुकली. एकाचं वेळेवर सुटून अर्धा तास झालेला. दुसऱ्याचं उशिरा निघालेलं, ते पाच मिनिटांपूर्वी गेलं. जास्त कोण चडफडेल? 96 टक्के लोकांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. नुकसान सारखंच, पण दुसऱ्याला ‘पोचलेला मी’ चटकन दिसतो. या मुलाचंही तेच झालं होतं.

माझा ओढा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडे, ते मी लपवत नाही. न्यूयॉर्कच्या सबवेत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारा, असा गृहपाठ ते लाजणाऱ्यांना देत. फजिती झाली तरी आभाळ कोसळत नाही, हे अंगाने कळावं म्हणून. आपल्या लोकलमध्ये नावं गाडीच पुकारते, म्हणून मी याला वेगळं सांगितलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते वाक्य मुद्दाम चुकीचं म्हण. ‘हू वुड हॅव पेड.’ त्याने धीर करून म्हटलं. कुणी मान वर केली नाही. उलट साहेबच पुढे बोलून गेले, ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी...’ यात साहेबांची टिंगल नाही. अमेरिकेत बोलताना कित्येकजण असंच म्हणतात. लेखी भाषेत मात्र ते चूक धरतात.

तर अशाच अडचणीतून जाणाऱ्यांना माझं सांगणं. बोलणं आणि लिहिणं वेगळं ठेवा. बोलताना ‘आयड’, ‘हीड’ असं तोकडं रूप वापरा. ते ‘हॅड’चंही असतं आणि ‘वुड’चंही, त्यामुळे पुष्कळ वेळा निभावून जातं. मेल पाठवण्याआधी ‘जर कुणी’ची युक्ती लावा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. क्लास लावायचा तर जरूर लावा, भाषा शिकण्यासारखी आहेच. पण वाक्य अडताना पोटात गोळा येत असेल, तर आधी मनातल्या त्या ‘जो’कडे बघा. कागदावर त्याचं ‘जर’ करा आणि खाली पुरावे लिहा, बाजूने आणि विरुद्धही. विरुद्ध बाजू रिकामी राहिली तर घरच्या कुणाला तरी विचारा, आपल्याला ती स्वतःहून क्वचितच सुचते. आणि मुलांसमोर ‘आम्ही इंग्लिश मीडियमला असतो ना...’ हे वाक्य टाळा. ऐकणारं पोर त्या नसलेल्या आईबापांशी तुमची तुलना करायला शिकतं.

मुलगा आता बरा झोपतो. पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज करणार आहे, त्याआधी सर्व्हेचं काम मागून घेतलंय. साहेबांच्या लाल रेघा थांबलेल्या नाहीत. फरक इतकाच की आता तो केबिनमध्ये जाऊन विचारतो, ‘सर, हे का बदललं?’ परवा म्हणे साहेबांना सांगता आलं नाही, तर यानेच ‘जर कुणी’ घालून दाखवलं.