दोन पोरं, एक जेसीबी आणि रोजची पंचाईत

ताई,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: यजमानांच्या बदलीने साताऱ्याहून इथं बेळगावात, टिळकवाडीत आलात. मोठा सात वर्षांचा, दुसरीत. धाकटा साडेतीनचा. सकाळी डोळे उघडल्यापासून दोघांची जुंपते. भांडण नको म्हणून खेळण्यातला जेसीबीसुद्धा दोन आणले, तरी भांडतात. सासूबाई मोठ्याला "तू मोठा ना, दे त्याला" म्हणतात आणि मोठा हल्ली गप्प गप्प असतो. त्यात शाळेत कन्नड, आणि बाहेर पावसाची झड. दोन सायकली घ्याव्यात का, हाही प्रश्न आहेच.

मीही दोन मुलग्यांचा बाप. बायको नर्स, तिच्या ड्युट्या बदलत्या. मी उद्यमबागेत मशीन शॉपला, बहुतेक दुसऱ्या पाळीत. त्यामुळे पोरं लहान असताना आंघोळ, डबा, वेणी सोडून सगळं (वेणीची वेळ देवाने आणली नाही) माझ्याकडे होतं. आता थोरला नववीत आहे, धाकटा सहावीत.

सगळ्यात आधी दोन-दोन वस्तू आणणं बंद करा. आई-बापाच्या हातात तराजू दिसला की पोरं खेळायचं सोडून काट्याकडे बघत बसतात. मग याच्या जेसीबीचा पिवळा जास्त पिवळा, त्याच्या वाटीत एक शेव जास्त. आणि सात वर्षांच्याला जे लागतं ते साडेतीनच्याला लागतच नाही. मोठ्याला त्याची वस्तू कुणी मोडणार नाही अशी जागा लागते, धाकट्याला मोठ्याच्या मागे शेपटासारखं हिंडायला मिळावं लागतं. दोन जेसीबी आणून यातलं काहीच भागत नाही.

साडेतीन वर्षांच्या पोराला 'वाटून घे' हे नीट कळतही नाही. त्या वयात आधी 'माझं' पक्कं होतं, 'आपलं' मागाहून येतं. म्हणून घरातल्या थोड्याच वस्तू दोघांच्या ठेवा: बॉल, ठोकळे, मातीत खेळायची भांडी. बाकीच्या सरळ नावावर करा. मोठ्याला कपाटाचा एक वरचा कप्पा द्या, धाकट्याचा हात पोचणार नाही असा. त्यातलं काही धाकट्याला द्यायचं की नाही हे तोच ठरवेल, आजीसुद्धा नाही. आमच्याकडे हा कप्पा झाल्यावर थोरला आपणहून वस्तू खाली काढून द्यायला लागला. लगेच नाही, पण लागला.

'आधी कोण' यावरची भांडणं वेगळी. गाडीच्या टाकीवर कोण बसणार, मोटरचं बटण कोण दाबणार, गरम पाण्याची पहिली बादली कुणाची. त्याला आम्ही तारीख लावली. सम तारीख थोरल्याची, विषम धाकट्याची. सकाळी उठून कॅलेंडर बघायचं, त्या दिवशी सगळं 'आधी' त्याचं. बापाला विचारायचंच नाही. महिनाभर सुरळीत चाललं आणि एका संध्याकाळी थोरला कॅलेंडर हातात घेऊन उभा: "पप्पा, 31 पण त्याची आणि उद्या 1 पण त्याचीच? हे काय बरोबर न्हवं." बरोबर नव्हतंच. मग 31 तारीख आईची झाली. त्या दिवशी पहिली बादली आईची, टीव्हीचा रिमोट आईचा, शेवटची पुरीसुद्धा आईची. दोघंही तिच्यावर पहारा ठेवून असायचे, ती हक्क सोडत तर नाही ना म्हणून. धाकट्याला आकडे कळत नव्हते तेव्हा त्याच्या तारखांवर पेनाने गोल करून ठेवायचो.

खाण्यावरून भांडण असेल तर जुनाच उपाय: एकाने वाटणी करायची, दुसऱ्याने आधी उचलायचं. कुंद्याची वडी कापताना थोरल्याने कंपासपेटीतली पट्टी आणलेली मी बघितली आहे. तुमचा धाकटा मात्र यासाठी अजून लहान आहे, पाच-साडेपाचपर्यंत थांबा.

आता मारामारी. दोन मुलगे घरात असले की अंगाशी झोंबाझोंबी होणारच, ती सगळी भांडणं नव्हेत. चेहरे बघा. दोघं हसतायत, कधी हा वर कधी तो वर, सुटला की पळून न जाता परत अंगावर येतोय, तर तो खेळ आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला गर्दी करणारं आपलं गाव, घरातल्या गादीवरच्या कुस्तीला काय घाबरायचं? गादी खाली अंथरा आणि एकच नियम ठेवा: कुणीही "पुरे" म्हटलं की हात सुटला पाहिजे. (आमची पोरं "साकु" म्हणायची, कन्नडमधलं 'पुरे'. गल्लीत तेच चालायचं.) चेहरा आवळला, एकच जण सारखा खाली, मूठ वळली, दात दिसले, की मग उठा.

आणि उठलात तरी "कुणी सुरू केलं?" हे विचारू नका. याचं उत्तर आजवर कुठल्या घरात खरं मिळालेलं नाही. "मी आधी घेतलो!" "न्हाई, मी घेतलो!" एवढंच ऐकू येईल. चावणं, डोक्यावर काही मारणं, वस्तू फेकणं असलं की न बोलता दोघांना दोन खोल्यांत. बाकी वेळी जवळ जाऊन खाली बसा आणि एवढंच म्हणा: "दोघंही चिडलाय. दोघांनाही हाच जेसीबी पाहिजे. काय करायचं ते ठरवा, मी इथंच हाय." न ठरल्यास जेसीबी दुपारपर्यंत फ्रिजवर. ती शिक्षा नाही, जेसीबीची सुट्टी. आवाज न चढवता हे जमलं पाहिजे, अवघड भाग तोच आहे.

घड्याळही बघा. बहुतेक घरांत मोठं भांडण संध्याकाळी सहा ते आठच्या मध्येच पेटतं. तेव्हा पोरं भुकेली असतात, आणि पावसाळ्यात बाहेर गेलेलीच नसतात. शाळेतून आल्या आल्या पोटभर काहीतरी द्या: चिरमुरे, गूळ, केळं, सकाळची चपाती तूप लावून, काहीही. धाकट्याला अख्खे शेंगदाणे देऊ नका, कुटून घाला. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकण्याचा धोका खरा आहे, आणि पळता पळता बकाणा भरणाऱ्या पोरांत तर जास्तच.

बेळगावचा पाऊस तुम्हाला नवा आहे म्हणून सांगतो. जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत अंगण विसरायचं. खानापूर-कणकुंबीकडे याहून जास्त, पण आपल्याकडेही दिवसेंदिवस कपडे वाळत नाहीत. त्यामुळे उघडीप मिळाली की सगळी कामं टाकून पोरांना घेऊन बाहेर पडा. तुम्हाला व्हॅक्सीन डेपो जवळ आहे, झाडांखाली पळायला एवढी जागा शहरात दुसरीकडे नाही. लेले मैदानही आहे. चिखल होतो, होऊ दे. एक जोडी कपडे 'चिखलाचे' म्हणून वेगळे काढा. मोबाईल हा झडीतला सोपा उतारा आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार तुमच्या धाकट्याच्या वयाला दिवसाला फार तर एक तास पडदा, कमी असेल तितका बरा. झोप मात्र 24 तासांत 10 ते 13 तास. झोपेचं आधी बघा. अर्धी भांडणं अपुऱ्या झोपेची असतात असं माझं मत आहे. मी डॉक्टर नाही, पण रात्री उशिरा झोपलेल्या पोरांची सकाळ मी भरपूर बघितली आहे.

मोठ्याच्या गप्प राहण्याकडे मी जास्त लक्ष देईन. त्याचं गाव सुटलं, मित्र सुटले, वर्गात कानावर वेगळी भाषा, आणि घरी आल्यावर 'तू मोठा'. सात वर्षं म्हणजे काय मोठं? मोठेपणाचं ओझं देता तर त्याबरोबर हक्कही द्या. रात्री अर्धा तास उशिरा झोपायचा हक्क, बापाबरोबर सुट्टीच्या दिवशी खडेबाजारात धाकट्याशिवाय यायचा हक्क. धाकटा रडेल, रडू दे. "तू सात वर्षांचा झालास की तुला पण" एवढं उत्तर पुरतं. आठवड्यात थोडा वेळ तो एकटा आणि तुमच्यापैकी एक जण, मध्ये धाकटा नाही, असं करा. काही विचारू नका. पोरगा आपणहून बोलतो, बहुतेक गाडीवर मागे बसलेला असताना, तोंड दिसत नसतं तेव्हा. मात्र काही आठवडे झाले तरी तो खेळेनासा, जेवेनासा झाला, झोपेत दचकायला किंवा परत अंथरूण ओलं करायला लागला, तर शाळेत बाईंना भेटा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सासूबाईंशी वाद घालू नका. "लहान हाय ते, दे की त्याला" हे सगळ्या आज्यांच्या तोंडी बसलेलं आहे, तुमच्या व्याख्यानाने जाणार नाही. त्यांना मोठ्यासाठी एक काम द्या. रात्रीची गोष्ट फक्त त्याला, किंवा त्याची बारीकसारीक तक्रार ऐकायची जबाबदारी आजीची. आजी आपली आहे असं वाटलं की "दे की त्याला" तेवढं बोचत नाही.

कन्नडचं टेन्शन घेऊ नका. इथल्या प्रत्येक शाळेत तो विषय असतो, 2015 चा कायदाच आहे आणि 2017-18 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने तो लागू झाला. मराठी बाराखडी पक्की असलेल्या मुलाला कन्नड लिपी जड जात नाही, कारण क्रम तोच: क ख ग घ, च छ ज झ, ळ सुद्धा आहे. त्यांच्या बाराखडीला कागुणिता म्हणतात. अडतं ते दोन ठिकाणी. ए आणि ओ यांचे कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे प्रकार आहेत, मराठीत नाहीत. आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लिहितात. एवढं आधी दाखवून दिलंत तर शुद्धलेखनातल्या निम्म्या लाल रेघा वाचतील. घरी मात्र मराठीच, भरपूर आणि पूर्ण वाक्यांत. धाकटा "आई, नीरू पाहिजे" म्हणाला तर हसू नका आणि रागावूही नका, पाणी द्या. दोन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला मागे पडत नाही, सरमिसळ काही काळ होते आणि आपोआप सुटी होते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण नोव्हेंबरात समोर येईल. 1 तारखेला वर्गातला मित्र लाल-पिवळा झेंडा घेऊन येतो आणि त्याच दिवशी गल्लीतले आजोबा काळी फीत लावून निघतात. पोरगं विचारतंच. आम्ही थोरल्याला सरळ सांगितलं: 1956 मध्ये भाषेवरून राज्यं नव्याने आखली, बेळगाव कर्नाटकाकडे गेलं, इथल्या बऱ्याच मराठी लोकांना ते पटलं नाही, म्हणून ते काळा दिवस पाळतात, तुझ्या मित्राच्या घरी तोच सणाचा दिवस आहे. त्यावर त्याने विचारलं, "मग मी उद्या त्याच्या शेजारी बसू का नको?" बस की, म्हटलं, विषय संपला. मोठ्यांनी जेवताना चढ्या आवाजात बोललेलं मात्र पोरं शाळेत जशीच्या तशी घेऊन जातात, तेवढं सांभाळा.

सायकल: मोठ्याला उंचीप्रमाणे वीस इंची, त्याची जुनी धाकट्याला. जुनी बसायला मोठी वाटत असेल तर सीट पूर्ण खाली घ्या. पाय टेकत असतील तर दोन्ही पेडल काढून द्या, पायाने ढकलत तोल शिकतो, बाजूच्या चाकांची गरज पडत नाही. 'जुनी नको' म्हणून रडेल. दुकानातून त्याला आवडेल त्या आवाजाची नवी घंटी घ्या, ती त्यानेच निवडायची.

आणि सुट्ट्यांचं. इथल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला मोजकेच दिवस. महाराष्ट्रात उलटं, त्यामुळे साताऱ्याच्या मामेभावंडांशी दिवाळी जुळणार नाही. उन्हाळ्यातही आपली शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला उघडते, त्यांची जूनच्या मध्याला. जुळतो तो मे महिना. त्यात दोघांना एकदम आजोळी पाठवू नका. आधी मोठ्याला एकट्याला आठवडाभर, मग त्याला आणायला जाताना धाकट्याला सोडा. एकेकटे राहिले की दोघंही वेगळीच पोरं दिसतात, आणि आजोळच्या माणसांनाही ती एकेक करून भेटतात. पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावलाही थांबते आणि साताऱ्यालाही, पण रोज नसते, वार बघून ठरवा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा घेतली नाही तर रेल्वेचं तिकीट लागत नाही. पण धाकट्याला मांडीवर घेऊन बसायचं असेल तर खिडकी कुणाची ते आधीच ठरवा. त्या दिवशीची तारीख सम आहे की विषम, एवढंच बघायचं.