फक्त मराठी मासिकांत लिहून घर चालेल का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत: बँकेतली नोकरी सोडून मासिकांसाठी मुक्त लेखन केलं तर भागेल का, आणि पहिला लेख पाठवायचा तर कसा. पहिल्याचं उत्तर लगेच देतो. नुसत्या मराठी मासिकांवर घर चालत नाही. नोकरी सोडू नका, निदान दोन दिवाळ्या तरी.

दिवाळ्या म्हणायचं कारण असं की हा धंदा एका पिकाचा आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी मासिकांचं अर्थकारण याच एका हंगामाभोवती फिरत आलंय. जाहिराती तेव्हाच येतात आणि लेखकाला द्यायला पैसेही तेव्हाच असतात. बाकीचे महिने नियतकालिकं वर्गणीवर आणि चिकाटीवर चालतात. त्यामुळे वेळापत्रक शेतकऱ्यासारखं आखावं लागतं. बरेच संपादक एप्रिल-मेमध्ये विषय ठरवतात. प्रस्ताव पाठवायचा तो तेव्हा. लेख जुलै-ऑगस्टमध्ये हातात पडायला हवा, कारण सप्टेंबरात मांडणी आणि छपाई उरकायची असते. गणपतीनंतर ‘एक लेख आहे, घेता का?’ असं विचारणं म्हणजे पेरणी आटोपल्यावर बियाणं घेऊन जाणं. ज्या वर्षी अधिक महिना मध्ये येतो त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते आणि थोडी सवड मिळते. तेवढ्यासाठी तरी वर्षारंभीच पंचांग बघून ठेवा.

आता पैशाचं गणित. समजा अडीच हजार शब्दांच्या लेखाला २,००० रुपये मानधन ठरलं. वाचनाला दोन दिवस, माणसांना भेटायला दोन, लिहायला आणि पुन्हा लिहायला दोन. दिवसाला साधारण ३३३ रुपये पडले, त्यातून एसटीचं भाडं वजा. मानधन या शब्दातला मान पुष्कळदा धनापेक्षा जास्त असतो आणि काही अंक तर नुसत्या मानावरच भागवतात. हे आधी कळलं पाहिजे. म्हणून लेखाचा होकार आला की त्याच दिवशी तीन गोष्टी विचारा: मानधन किती, कधी, आणि लेखकाला अंकाच्या किती प्रती मिळणार. विचारायला संकोच वाटतो, पण अंक निघाल्यावर विचारणं जास्त अवघड जातं. उत्तर फोनवर मिळालं तर ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी दोन ओळींची मेल करून ठेवा.

गणित सुधारतं ते एका अभ्यासातून तीन-चार लेख काढल्यावर. कोकणातल्या कातळशिल्पांवर तुम्ही काम केलंत, तर दिवाळी अंकाला सविस्तर लेख, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला ९०० शब्द, मुलांच्या मासिकाला गोष्टीवजा मजकूर आणि आकाशवाणीला भाषण, असं होऊ शकतं. मात्र प्रत्येक वेळी मजकूर नव्याने लिहायचा. एकच लेख दोन अंकांना देऊन ठेवणं हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठा गुन्हा समजला जातो. दोन्हीकडे छापून आला तर वाचक पत्र लिहून कळवतात आणि दोन्ही दारं बंद होतात.

प्रस्ताव म्हणजे लेख नव्हे. दीडशे शब्द पुरेत: विषय काय, आत्ताच का, कोणाशी बोलणार किंवा कोणती कागदपत्रं पाहणार, किती शब्द, फोटो आहेत का, लेख कधी देणार. ‘पाण्याचा प्रश्न’ हा विषय नाही. ‘टँकर सुरू झाल्यावर गावातल्या विहिरींकडे कोण बघतं’ हा विषय आहे. अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अनुक्रम चाळा. जो परिसंवाद गेल्या वर्षी झाला तो यंदा कोणी घेत नाही. पूर्वी नापसंत लेख ‘साभार परत’ म्हणून टपालाने यायचा. आता बहुधा काहीच येत नाही. सहा-आठ आठवडे थांबा, मग एक सभ्य मेल लिहा: अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर लेख दुसरीकडे देत आहे. यात उद्धटपणा काही नाही आणि तुम्ही मोकळे होता.

लेख तयार झाल्यावर गडबड होते ती फाइलमध्ये. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल द्या, पीडीएफ सोबत फक्त ताडून बघायला. बऱ्याच ठिकाणी मांडणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होते. रूपांतर करताना ‘ऱ्य’ बिघडतो आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’चा एकदम ‘दर्या’ होतो. ॲ, ऑ आणि अवतरणचिन्हंही अशीच गळतात. म्हणून मुद्रित, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, आधी मागून घ्या आणि सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढी अक्षरं शोधून तपासा. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर दाबले जातात आणि छपाईत धुरकट येतात. डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने मूळ फाइल पाठवा, छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मिळेल अशी.

लेख कापला जाण्याचं मला कधी नवल वाटत नाही. अंक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापला जातो, त्यामुळे दोन पानं वाढवणं सोपं नसतं. शेवटच्या आठवड्यात जाहिरात आली की कुणाचा तरी मजकूर बाहेर पडतो. त्याला उपाय एकच: सव्वाशे-दीडशे शब्दांची चौकट आधीच वेगळी काढून ठेवायची, जी गेली तरी लेखाला खिंडार पडणार नाही. मुद्द्याचं वाक्य कधीही शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवू नका, कात्री खालून चालते.

हक्कांबद्दल लोक विनाकारण घाबरतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही मासिकाचे पगारी नोकर नसाल तर लेखाचे पहिले मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असा कागद पुढे आला तर ‘या अंकात एकदा छापण्यापुरते’ अशी दुरुस्ती सुचवा. पुढेमागे लेखांचं पुस्तक करायचं झालं की याची किंमत कळते.

नियमित उत्पन्न येतं ते शेजारच्या कामांतून: अनुवाद, मुद्रितशोधन, दुसऱ्याच्या पुस्तकाचं संपादन. अनुवादात शब्दाला दर ठरतो, म्हणजे निदान किती मिळणार हे आधी कळतं. मासिकांतले लेख ही त्या कामांसाठीची तुमची ओळख.

वसुलीचं शेवटी सांगतो, कारण ती शेवटीच होते. अंक बाजारात आला की त्याच आठवड्यात बिल पाठवा. त्यात अंकाचं नाव आणि वर्ष, लेखाचं शीर्षक, ठरलेली रक्कम, पॅन, बँक खातं आणि आयएफएससी एवढं हवं. जाहिरातदार अंकाचे पैसे उशिरा देतात, त्यामुळे तुमचे जानेवारीपर्यंत रेंगाळू शकतात. महिन्यातून एकदा, त्याच मेलखाली आठवण करा. शक्यतो संपादकाला नव्हे, हिशेब बघणाऱ्याला. पॅन न दिल्यास टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच कापला जाणारा कर, दहाऐवजी वीस टक्क्यांनी कापला जाऊ शकतो. कापलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसते ना, ते विवरणपत्र भरण्याआधी बघून घ्या; दिसत नसेल तर प्रकाशकाकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते.