ट्रेकला दिसलेला सोंडवाला किडा नवीन प्रजाती असू शकतो का, आणि ते ठरवतात कसं?

तुम्ही विचारलंय की इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका फटक्यात 103 नवीन सोंडकिडे सापडल्याचं वाचलं, ते नवीनच आहेत हे कळतं कसं, आणि तुम्हाला ट्रेकला पाल्याखाली जो काळा चकचकीत सोंडवाला किडा दिसला तोही नवीन असू शकतो का. असू शकतो, खरंच असू शकतो. पण किडा दिसणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे आणि बातमीत नेमका बाकीचा भाग गाळलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गेली आठ वर्षं मी पालापाचोळ्यातले भुंगेरे गोळा करणं, वेगळे काढणं, त्यांची ओळख पटवणं हेच काम करतेय.

आधी सोंडकिडा म्हणजे कोण. तांदळाला सोंडे लागतात ना, तोच. माड पोखरणारा लाल सोंड्या भुंगाही याच गोतावळ्यातला. ती सोंड हत्तीसारखी मऊ नसते, डोकंच पुढे ओढल्यासारखं लांब झालेलं असतं आणि तोंड त्याच्या अगदी टोकाला. तांदळातली मादी त्या टोकाच्या जबड्यांनी दाण्याला भोक पाडते आणि आत अंडं घालते. जगात सोंडकिड्यांच्या 60 हजारांच्या आसपास प्रजातींना आजवर नावं मिळालीत.

सुलावेसीचे ते 103 सगळे एकाच कुळीतले (कुळी म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, जीनस), ट्रायगोनोप्टेरस नावाच्या. जेमतेम 2-3 मिलिमीटरचा किडा आणि मुख्य म्हणजे उडायचे पंखच नाहीत. इथेच डोंगराचा संबंध येतो. ज्याला उडता येत नाही तो चालून चालून किती जाणार, त्यात डोंगरावरच्या गार ओल्या पाल्याची सवय, मधली दरी त्याला ओलांडवत नाही. मग हजारो पिढ्या या डोंगरावरचे इथेच आणि त्या डोंगरावरचे तिथेच राहतात आणि हळूहळू वेगळे होत जातात, त्यामुळे यातल्या कित्येक प्रजाती एखाद्याच डोंगरावर मिळतात. तो डोंगर तोडला की प्रजाती संपली. आणि सुलावेसीवरून या कुळीतली फक्त एक प्रजाती माहीत होती, तीही 1885 सालापासून. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं किडे तिथेच पाल्यात होते, नीट बघणारं कुणी नव्हतं.

आता ठरवतात कसं. पाला चाळणीतून चाळायचा, खाली पडलेला चुरा पांढऱ्या कापडावर पसरायचा आणि हालचाल दिसेपर्यंत बघत बसायचं. हे किडे धक्का लागला की पाय आवळून सोंड छातीखालच्या खाचेत घालून मेल्यासारखे पडून राहतात, मातीचा कण आणि किडा यात फरक कळत नाही, नवशिक्यांचा धीर इथेच सुटतो. मिळालेला किडा अल्कोहोलमध्ये. मग लॅबमध्ये पायाच्या तुकड्यातून वगैरे डीएनए काढतात आणि कॉक्स-1 या जीनचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात, साधारण सगळ्या प्राण्यांसाठी हाच तुकडा वापरतात म्हणून तुलना करता येते. पण नुसत्या डीएनएवर भागत नाही. नराचं जननेंद्रिय मायक्रोस्कोपखाली बाहेर काढून बघावं लागतं, कारण बाहेरून डिट्टो सारखे दिसणारे दोन किडे तिथे साफ वेगळे निघतात. आणि सगळ्यात पक्का पुरावा मला विचाराल तर हा की एकाच चाळणीत, एकाच झाडाखालच्या पाल्यात दोन प्रकार मिळावेत, डीएनए वेगळा, इंद्रिय वेगळं, आणि मधलं सरमिसळ झालेलं एकही नाही. शेजारी राहूनही ते एकमेकांशी जोडी जमवत नाहीत हे यातून कळतं.

इतकं झालं तरी "वेगळा" सिद्ध झाला, "नवीन" नाही. त्यासाठी आजवर नाव दिलेल्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी ताडून बघायला लागतं, आणि खरा वेळ यात जातो. जुनी वर्णनं दोन-चार ओळींची, लॅटिनमध्ये, काळा, चकचकीत, पाय तपकिरी, संपलं. असं वर्णन पन्नास किड्यांना बसतं. म्हणून मूळ नमुना बघावाच लागतो, ज्याला होलोटाइप म्हणतात, आणि जुन्या प्रजातींचे ते बहुतेक युरोपातल्या म्युझियमच्या खणांमध्ये टाचणीवर असतात. नाव हे कायम त्या एका किड्याला बांधलेलं असतं, पुढे कितीही वाद झाले तरी त्याच्याकडेच परत जायचं. 1999 नंतरच्या नवीन नावांना तर मूळ नमुना किंवा नमुने कोणते ते पेपरात स्पष्ट सांगणं नियमानं सक्तीचं आहे.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या म्युझियममधले अलेक्झांडर रीडल यांनी हेच काम वेगानं करायची पद्धत बसवली, प्रत्येक प्रजातीचा फोटो, डीएनए आणि मोजकं वर्णन. 2013 मध्ये न्यू गिनीतल्या 101, 2014 मध्ये जावा, बाली वगैरेकडच्या 98 आणि 2019 मध्ये इंडोनेशियाच्या राडेन प्रामेसा नाराकुसुमो यांच्यासोबत तुम्ही वाचल्या त्या 103. इतकी नावं आणायची कुठून, तर 2013 साली पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतली आडनावं घेतली. मला हे फार आवडतं, किडा ज्यांच्या डोंगरातला नावही त्यांच्याच घरातलं. नंतर डार्विन आणि डीएनएची रचना उलगडणारे क्रिक, वॉटसन यांचीही नावं दिली.

आणि नाव दिल्यानं काय होतं असं लोक विचारतात त्यांच्यासाठी. 2011 मध्ये याच कुळीतल्या एका किड्याचा एक्स-रेनं त्रिमितीय अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्याच्या पायाच्या बुडाशी चक्क स्क्रू आणि नट आहे, आट्यांसकट, एकात एक फिरणारं! माणसाला हे यंत्र आपलंच वाटत होतं आणि ते तीन-चार मिलिमीटरच्या किड्याच्या खुब्यात निघालं. नाव आणि नमुना जागेवर असेल तरच पुढचा माणूस नेमका तोच किडा घेऊन असं काही बघू शकतो.

माझी एक चूक सांगते कारण ती तुम्हीही कराल. पहिल्या वर्षी मी बाटल्यांमधल्या चिठ्ठ्या साध्या बॉलपेननं लिहिल्या, अल्कोहोलमध्ये शाई धुऊन गेली आणि तीन आठवड्यांचं कलेक्शन कुठल्या उंचीवरचं ते सांगता येईना. किडे उत्तम होते पण जागा माहीत नसलेला किडा डोंगराच्या अभ्यासाला चालत नाही, सगळे बाजूला ठेवावे लागले. त्या दिवशी मी रडले होते. तेव्हापासून पेन्सिल, जाड कागद, चिठ्ठी बाटलीच्या आत.

तुमच्या किड्याबद्दल: फोटोवरून कुळी सांगता येईल, प्रजाती बहुतेक नाही. आपल्याकडच्या सोंडकिड्यांच्या एका मोठ्या गटासाठी अजूनही गाय मार्शल या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाचा 1916 सालचा खंड उघडावा लागतो, यावरून किती काम पडून आहे ते बघा. पण प्लीज उचलून घरी आणू नका, जंगलातून नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते, आणि नवीन प्रजाती ठरली तर नमुना सरकारनं नेमलेल्या संग्रहात जमा करायचा हे जैवविविधता कायद्यातच आहे. पुन्हा दिसला तर वरून, बाजूनं आणि सोंड दिसेल असा, असे तीन फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, जीपीएस आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून घ्या, कुठल्या झाडाखाली होता तेही, आणि पाला होता तसा परत पसरून ठेवा. मागच्या वेळी दिसला तेव्हा महिना कुठला होता आणि साधारण किती उंचीवर होता एवढं आठवलं तर मला नक्की कळवा.