अल्ब्युमिन कमी, सीआरपी जास्त, मग बाबांना खायला काय द्यायचं?

प्रश्न: मॅडम, आम्ही देवगड तालुक्यातले. बाबा ६४ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय, तीन आठवड्यांनी कोल्हापूरला ऑपरेशन आहे. चार महिन्यांत वजन ६२ वरनं ५५ वर आलं. कणकवलीत तपासलं तेव्हा अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.९ आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ३८ होता, पंधरा दिवसांनी कोल्हापुरात सीआरपी ४.१ आला म्हणून जरा बरं वाटलं. घरात सगळे म्हणतात नुसती पेज द्या, मासे नकोत, साखर बंद करा म्हणजे कॅन्सर उपाशी मरेल. कोण म्हणतं अंड्याच्या पांढऱ्याने अल्ब्युमिन वाढतं, कोण म्हणतं अल्ब्युमिनची बाटली चढवा. त्यात श्रावण लागला की बाबा मासे-अंडी शिवत नाहीत. काय करू?

उत्तर: आधी ते ४.१ बघा, कारण तिथे बहुतेक घोटाळा झालाय. रिपोर्टवर आकड्याच्या पुढे युनिट असतं ते वाचा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापट फरक. कोल्हापूरचा आकडा डेसिलिटरमधला असेल तर ४.१ म्हणजे ४१, म्हणजे उतरलेला काही नाही, होता तिथेच आहे. वाईट वाटेल, पण हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं.

आता अल्ब्युमिन. लोकांना वाटतं खाणं कमी म्हणून अल्ब्युमिन कमी, पण हे अर्धंच खरं आहे. गाठीमुळे शरीरात आतल्या आत दाह पेटलेला असतो, त्यातून इंटरल्युकिन-६ सारखे निरोप लिव्हरला जातात, मग लिव्हर सीआरपी भराभर बनवतं आणि अल्ब्युमिन बनवणं मागे टाकतं, शिवाय असलेलं अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतनं बाहेर झिरपतं. हाच दाह भूक मारतो आणि मांसपेशी झिजवतो. म्हणून हे दोन आकडे जोडीने वाचायचे. सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, दोन्ही एकदम असेल तर ग्लासगो स्कोर नावाच्या मोजणीत २ गुण पडतात, तोच सगळ्यात जोखमीचा गट, आणि बाबा त्यात येतात. पण एक आहे, सीआरपी इतर कशानेही चढतो, दाताचा पू, लघवीचं इन्फेक्शन, पावसाळ्यात आपल्याकडचा लेप्टोचा ताप, म्हणून मधे ताप आला असेल तर डॉक्टरांना सांगा.

अंड्याच्या पांढऱ्यातलं अल्ब्युमिन थेट रक्तात जात नाही हो, नावं सारखी म्हणून हा गोंधळ. पोटात त्याचे तुकडे होतात आणि त्यातनं काय बनवायचं ते लिव्हर ठरवतं. अंडं द्याच, पण चांगलं प्रोटीन म्हणून द्या. बाटलीने रिपोर्टचा आकडा वर दिसेल, अंगाला पोषण मिळणार नाही, ती कधी लागते ते डॉक्टरच ठरवतील. आणि अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य साधारण २० दिवसांचं, त्यामुळे दर आठवड्याला तपासून जीव टांगणीला लावू नका. घरचा वजनकाटा जास्त उपयोगाचा.

मला खरी काळजी वजनाची आहे. चार महिन्यांत ११ टक्के गेलंय. ६ महिन्यांत १० टक्क्यांच्या वर वजन गेलं किंवा अल्ब्युमिन ३ च्या खाली असलं तर ऑपरेशनआधी ७ ते १४ दिवस नीट पोषण द्यावं, असं सर्जरीच्या पोषणाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, सर्जनना आणि तिथल्या डाएटिशियनना आजच फोन करून हे दोन आकडे सांगा.

नुसत्या पेजेवर ठेवू नका. माझ्या आत्याच्या आजारपणात आम्हीही प्रेमाने वाटी वाटी पेजच देत राहिलो आणि ती डोळ्यांदेखत वाळत गेली, ते मला अजून सलतं. वाटीभर पेजेत जेमतेम दोन ग्रॅम प्रोटीन, आणि बाबांना दिवसाला ७० ते ८० ग्रॅम हवं, कॅलरी १४०० ते १६५०. मऊ शिजवलेले मुडदुशे, बांगडा काटे काढून, १०० ग्रॅम मासळीत १८-२० ग्रॅम प्रोटीन मिळतं. एका अंड्यात सहा. पेज द्यायचीच तर तिच्यात दूध पावडर नाहीतर अंडं फेटून शिजवा, वरनं तूप, नारळाचं दूध चालत असेल तर तेही. थोडं थोडं, दिवसातनं सहा-सात वेळा. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, बाबाच आणखी खंगतील. डायबेटिस असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

एक गोष्ट सर्जनना नक्की विचारा, आतडं किती अरुंद झालंय. अरुंद असेल तर पालेभाज्या, साली, कोंडा बंद. आणि पोट फुगलं, उलट्या झाल्या, वारा सरेना, तर काही खायला न देता थेट हॉस्पिटल गाठा.

श्रावणात जबरदस्ती करू नका, मनाविरुद्ध घास उतरत नाही. पनीर, दूध, घट्ट दही, गाळून घेतलेली कुळथाची पिठी, मुगाच्या डाळीचं वरण, आणि डाएटिशियन म्हणतील ती प्रोटीन पावडर दुधातनं. उपवास मात्र या वर्षी नको, ते त्यांना तुम्हीच जवळ बसून सांगा.