९ मिमी, .४० की .४५? अंगावर कुठलं पिस्तूल बाळगावं आणि रायफलवर आधी काय बदलावं?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. अंगावर बाळगायला ९ मिमी घ्यावं, .४० की .४५? पिस्तूल अगदी छोटं घ्यावं की मध्यम? आणि एआर-१५ रायफल आहे, तिच्यावर पहिला खर्च कशाचा करावा? शेवटी जाता जाता .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसासाठी वेगळा अपर (रायफलचा बॅरलसकट वरचा भाग) घ्यायचा विचार असल्याचंही लिहिलंय. परवाना आहे आणि तुम्ही राहता तिथे बाळगायला मुभा आहे असं म्हणताय, म्हणून कायद्यात शिरत नाही.

मी बरीच वर्षं नेमबाजी करतोय, रेंजवर नवख्यांना शिकवतोही. मला विचाराल तर तुम्ही प्रश्न शेपटाकडून धरलाय. कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी (.४० आणि .४५ हे आकडे इंचांतले), सगळ्यात शेवटी ठरतं. पण वाद सगळे त्याच्यावरच होतात, तेव्हा आधी तेच उरकू.

नेहमीची काडतुसं घेऊ. ९ मिमीची १२४ ग्रेनची, म्हणजे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगानं निघते. .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची, पण तिचा वेग २५५ मीटरच्या आसपास. .४० एस अँड डब्ल्यूची १८० ग्रेनची गोळी पावणेबारा ग्रॅमची आणि वेग ३०० मीटर. आता ऊर्जा काढा. ९ मिमी सुमारे ४९० जूल, .४५ सुमारे ४८५ जूल, .४० सव्वापाचशे. संपलं. ‘.४५ लागली की माणूस उडून पडतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यानं हा गुणाकार कधी केलेला नसतो.

झटका मात्र ऊर्जेवर ठरत नाही. तो मुख्यतः वजन गुणिले वेग यावर ठरतो, आणि तिथे .४५ ही ९ मिमीच्या दीडपट नाही तरी सव्वापटीच्या पुढे जाते. .४० पण मागे नाही, शिवाय तिचा झटका .४५ पेक्षा तीक्ष्ण आणि झटकन येणारा वाटतो. बऱ्याच जणांना .४५ चा ढकलल्यासारखा धक्का त्यापेक्षा बरा वाटतो. मलाही.

मग .४५ चा एवढा दबदबा आला कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्याला त्यांची .३८ लाँग कोल्ट रिव्हॉल्व्हर कमी पडतात असं वाटलं. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी कत्तलखान्यातल्या जनावरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून चाचण्या केल्या आणि .४५ पेक्षा लहान काही नको अशी शिफारस केली. त्यातून जॉन ब्राउनिंगनं बनवलेलं ‘१९११’ नावाचं .४५ पिस्तूल आलं. त्या चाचण्या आज वाचल्या तर ढोबळ वाटतात, पण निष्कर्ष लोकांच्या डोक्यात घट्ट बसला.

दुसरं वळण ११ एप्रिल १९८६ चं. मायामीत एफबीआयची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला चकमकीच्या सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी लागली होती. ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही रायफल चालवत राहिला. एफबीआयनं यातून एक गोष्ट पक्की धरली: पिस्तुलाच्या गोळीचा धक्का, वेग, ‘थांबवण्याची ताकद’ हे सगळं नंतर, आधी ती पुरेशी खोल गेली पाहिजे. तिथूनच आजची चाचणी आली. दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळीनं १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर शिरायला हवं, तेही जाड कपडे, प्लायवुड, पत्रा, गाडीची काच अशा अडथळ्यांतून गेल्यावर.

मग एफबीआयनं १० मिमी वापरायला घेतली. ती अनेकांना झेपेना. तिचंच सौम्य रूप आखूड केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या नळीत) बसवून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आली आणि पोलिसांत सगळीकडे पसरली. दरम्यान गोळ्या सुधारल्या. आतला गाभा बाहेरच्या आवरणाला घट्ट चिकटवलेल्या, कपड्यातून गेल्यावरही नीट उमलणाऱ्या हॉलोपॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या आल्या. २०१५ च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ मिमीवर आली. कारण त्यांनी सरळ लिहिलं: आधुनिक गोळ्या वापरल्या तर तिन्ही कॅलिबरच्या जखमेत सांगण्यासारखा फरक दिसत नाही, आणि बहुतेक नेमबाज ९ मिमीनं जास्त वेगानं आणि जास्त अचूक मारतात. तीस वर्षांची फेरी मारून गाडी जुन्याच स्टेशनावर लागली.

यामागचं कारणही समजून घ्या, म्हणजे जाहिरातीला भुलणार नाही. पिस्तुलाच्या वेगाची गोळी शरीरात शिरताना आजूबाजूचं मांस क्षणभर ताणते. पण मांस रबरासारखं लवचीक असतं, ते परत जागेवर येतं. उरतं ते फक्त गोळीनं पाडलेलं भोक. रायफलच्या गोळीचा वेग दुप्पट-तिप्पट असतो, तिथे हे ताणणंच फाडतं. म्हणून पिस्तूल आणि रायफल यांची तुलना एका तराजूत करू नये, आणि पिस्तुलाच्या जिलेटिनमधला फुग्यासारखा फुललेला फोटो बघून हुरळू नये. बघायचं ते दोनच: किती खोल गेली आणि उमलली की नाही. .३८० एसीपी (९ मिमीहून कमी जोराचं काडतूस) इथेच मार खाते. तिच्यात उमलली तर खोल जात नाही आणि खोल गेली तर उमलत नाही, असं बऱ्याच गोळ्यांचं होतं. हाताला खरंच त्रास असेल तरच तिचा विचार करा.

आता पिस्तूल. हा भाग मोठा आहे, कारण खरा निकाल इथे लागतो.

लहान पिस्तूल लपवायला सोपं आणि मारायला अवघड. पाचशे ग्रॅमचं सिग पी३६५ आणि रिकामं असताना सहाशे ग्रॅमचं ग्लॉक १९ यांत कागदावर शंभर ग्रॅमचाच फरक दिसतो. हातात घेतलं की कळतं, कारण मूठ आखूड असली की करंगळीला जागा नसते, आणि झटका आवरण्यात करंगळीचा वाटा मोठा असतो. खिशातली हलकी पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हर तर मला नवख्याच्या हातात बघवत नाही. चारशे ग्रॅमच्या आसपास वजन, साइट (नेम धरायची खूण) म्हणजे नुसती खाच आणि ट्रिगर ओढायला पाच किलोच्या वर जोर. ती नवशिक्यांना ‘सोपी आहे’ म्हणून विकली जाते, ती मुळात जाणत्यांची चीज आहे.

तुमच्या हाताला काय झेपतं ते कळायला एक परीक्षा सांगतो. मित्राला तुमच्या मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी मिसळून भरायला सांगा. कितवं खोटं आहे ते तुम्हाला माहीत नको. सात मीटरवरून सावकाश मारा आणि नजर लक्ष्यावर नको, पुढच्या साइटवर ठेवा. डमी आलं की फक्त ‘टक’ होतं आणि आवाज नाही, झटका नाही, पण साइट तरीही खाली डुंबते. कधी दोन बोटं, कधी चक्क लक्ष्याच्या खालच्या कडेपर्यंत. ती डुबकी म्हणजे तुमचा हात गोळी सुटण्याआधीच झटक्याला घाबरून पिस्तूल खाली दाबतोय. हेच .४० नं करून बघा, मग ९ मिमीनं, मग छोट्या आणि मध्यम पिस्तुलानं. ज्या जोडीत साइट कमीत कमी डुंबते ती तुमची. बाहेरच्या कुणालाही, मलासुद्धा, हे तुमच्यासाठी ठरवता येत नाही.

माझं मत विचाराल तर ग्लॉक १९ च्या मापाचं, पंधरा गोळ्यांचं ९ मिमी. बारीक अंगकाठी असेल किंवा कपडे असे घालता की ते दिसतंच, तर पी३६५ च्या वर्गातलं. २०१५ मध्ये ग्लॉक ४३ सहा गोळ्यांचं आलं तेव्हा लोक खूश होते. २०१८ मध्ये सिगनं तेवढ्याच आकारात दहा बसवल्या आणि सगळ्या कंपन्यांना धावावं लागलं. आज या वर्गात वाईट पिस्तूल शोधावं लागतं. त्यामुळे मॉडेलवर महिनाभर डोकं घालवण्यापेक्षा होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि पट्टा नीट बघा. होल्स्टरनं ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे, पिस्तूल काढल्यावर त्याचं तोंड मिटता कामा नये, आणि पट्टा ताठ हवा. लोक चांगलं पिस्तूल घेऊन मऊ कापडी होल्स्टरमध्ये घालतात, मग आठवड्यात ‘टोचतं’ म्हणून घरी ठेवून देतात.

बाळगायची काडतुसं तुमच्याच पिस्तुलात अडकत नाहीत ना, हे दोन-चार मॅगझिन मारून बघा. बॅरल आखूड असेल तर वेग घटतो आणि लांब बॅरलमध्ये छान उमलणारी गोळी तुमच्या पिस्तुलातून न उमलताच जाऊ शकते. आखूड बॅरलसाठी बनवलेली काडतुसं मिळतात, ती घ्या. आणि एक बारीक गोष्ट: रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) घालत असाल, तर दर वेळी गोळी तिथे नेणाऱ्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर आपटून केसमध्ये किंचित आत सरकते. नवं आणि ते शेजारी शेजारी टेबलावर उभी करा. उंचीत फरक दिसला तर ते वापरू नका. गोळी आत गेली की केसमधली जागा कमी होते आणि दाब भलताच वाढतो.

पिस्तुलाचा ट्रिगर हलका करायच्या भानगडीत पडू नका. कारखान्यातून येतो तसा राहू द्या.

रायफलकडे येऊ. इथे उलट आहे, ट्रिगर बदलण्यासारखा असतो, पण पहिल्या नंबरावर नाही. पहिला नंबर काडतुसांचा. आधी बॅरलवरचं कोरलेलं वाचा. ५.५६ लिहिलं असेल तर .२२३ रेमिंग्टनही चालते. फक्त .२२३ लिहिलं असेल तर ५.५६ घालू नका, चेंबरचा पुढचा भाग वेगळा असतो आणि दाब वाढतो. मग ट्विस्ट, म्हणजे बॅरलमधल्या खाचांचा पीळ बघा. १:९ म्हणजे नऊ इंचांत गोळीचा एक फेरा. त्यात ५५ ते ६२ ग्रेन छान चालतात, पण ७७ ग्रेनची लांब गोळी बऱ्याचदा स्थिर होत नाही, आणि मग कागदावर गोल भोकाऐवजी आडव्या गोळीचा लांबट छेद दिसतो. १:८ किंवा १:७ असेल तर ७७ बिनधास्त वापरा. चार-पाच प्रकारची काडतुसं आणून प्रत्येकी दहा-दहा गोळ्यांचा ग्रूप (एकाच जागी नेम धरून पाडलेल्या भोकांचा पुंजका) मारा. तीन गोळ्यांचा ग्रूप काढून ‘माझी रायफल एक एमओए मारते’ म्हणणं म्हणजे तीन चेंडूंवरून फलंदाजाची सरासरी काढणं. एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर. दहा गोळ्या तेवढ्यात बसवणारी साधी रायफल मी फारशी बघितलेली नाही.

दुसरा नंबर दुर्बीण आणि तिचं माउंट, म्हणजे ती रायफलवर धरून ठेवणारी बैठक. भारी दुर्बीण आणि टाकाऊ माउंट ही जोडी रेंजवर नेहमी दिसते. शून्य (दुर्बिणीचा नेम आणि गोळीची जागा जुळवलेली असणं) हरवत असेल तर आधी स्क्रू तपासा, टॉर्क रेंचनं. तिसऱ्या नंबरावर ट्रिगर. साध्या ट्रिगरचा ओढा खरखरीत असतो, चांगला दोन टप्प्यांचा बसवला की ग्रूप स्वतःहून आवळतो. चौथा फ्री-फ्लोट हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, हातानं धरायचं आवरण). स्लिंग (खांद्याचा पट्टा) ताणून किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) जोर देऊन मारताना साध्या हँडगार्डमधून तो जोर बॅरलवर जातो आणि गोळी सरकते. फ्री-फ्लोटमध्ये बॅरलला कुणी शिवत नाही. मझल ब्रेक (बॅरलच्या तोंडावर लावायचा, झटका कमी करणारा तुकडा) मात्र घेऊ नका. ५.५६ ला झटका असतोच किती, आणि शेजारच्या लेनवाल्याचे कान तुम्हाला शिव्या देतील.

आता .३०० ब्लॅकआउट. काडतूस चांगलं आहे, आखूड बॅरलमध्ये आणि सायलेन्सरवर तर फारच. पण ते .२२३ चीच केस कापून बनवलेलं आहे, त्यामुळे मॅगझिन तेच, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) तोच. गोळी मात्र ७.८ मिमीची, आणि तुमच्या ५.५६ बॅरलचं भोक ५.७ च्या आत. काही गोळ्यांची काडतुसं ५.५६ च्या चेंबरमध्ये पूर्ण बसतात, बोल्ट बंद होतो आणि ट्रिगर ओढला की रायफल हातात फुटते. दोन्ही बाळगायचंच ठरवलंत तर ब्लॅकआउटची मॅगझिन वेगळ्या रंगाची घ्या, त्यांच्यावर जाड पट्टी लावा, आणि एका दिवशी रेंजवर एकाच कॅलिबरची पेटी न्या.